अ‍ॅप हसत नाही

इंग्रजीसाठी मोबाईल कसा वापरता, असे कॉलेजातल्या मुलांना विचारले की प्राध्यापकांच्या तक्रारीपेक्षा बरेच शहाणे उत्तर मिळते. ड्युओलिंगो एसटीत, वेळ जायला. व्याकरण समजून घ्यायला यूट्यूबवरचे मराठीतून शिकवणारे कोणी सर. संदर्भपुस्तक वाचताना अडले की गुगल ट्रान्सलेट. असाइनमेंटला चॅटजीपीटी, आणि हे सांगताना आवाज जरा खाली येतो.

पण यातले कुठलेही साधन आवडण्याचे कारण विचारले, की मुले फिरून एकाच मुद्द्यावर येतात. चुकले तरी अ‍ॅप हसत नाही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. म्हणजे आज पदवीच्या वर्गातली बहुतेक मुले बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेली असतात. तरीही उभे राहून दोन वाक्ये बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते, कारण उच्चार चुकला की मागच्या बाकावर खसखस पिकते. कधीकधी तर ती सुरुवात फळ्याजवळूनच होते! आधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली, पुढे कपिल देवच्या जाहिरातीतले रॅपिडेक्स घेतले. ती पुस्तकेही हसत नव्हती, पण त्यांना ऐकू येत नव्हते. मोबाईलला येते. खोलीचे दार लावून त्याच्याशी तासभर मोडकेतोडके बोलणाऱ्या मुलीला आळशी कसे म्हणायचे?

या साधनांच्या मर्यादाही मुलांना चांगल्या ठाऊक आहेत. ड्युओलिंगोवर सलग दिवसांचा आकडा फुगतो, मुलाखतीत मात्र तोंड उघडत नाही. चॅटजीपीटी वाक्य सुधारून देते. आधीचे का चुकले, हे मुद्दाम विचारावे लागते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ते कोण विचारणार?

माझ्या मते दोष असाइनमेंटचा जास्त आहे. वर्षानुवर्षे तेच विषय दिले, लिहून आलेले कोणी वाचले नाही, तेव्हा मुले सीनियरच्या वहीतून उतरवत होती. आता यंत्राकडून उतरवतात. बारावीला इंग्रजीची २० गुणांची तोंडी परीक्षा असते. ती अनेक ठिकाणी कशी उरकली जाते हे सर्वांना माहीत आहे, पण निदान असते. पदवीच्या सक्तीच्या इंग्रजीत बोलण्याला बहुतेक ठिकाणी तेवढाही भाव नाही. अंतर्गत गुणांतले काही गुण पाच मिनिटांच्या गप्पांना द्यावेत. निबंध खुशाल यंत्राकडून लिहून आणा, मात्र त्यावर समोर बसून बोला.

शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात हे कोण करणार, असे प्राध्यापक विचारतील, आणि ते रास्तच आहे. पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत, इंग्रजीचे तास अनेक कॉलेजांत तासिका तत्त्वावरच्या एकट्या माणसाच्या गळ्यात असतात. त्याला या पाच-पाच मिनिटांचे मानधन मिळणार का, हे विद्यापीठांनी आधी सांगावे.