संगणक चुकला म्हणे!

‘संगणक चुकला’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. समजा, नारायणगावच्या बाजारात ३०० क्रेट टोमॅटो १२० रुपयांनी गेला. तोंडी हिशेब ३६,०००. एक्सेलच्या मॅक्रोत दोन्ही आकडे ‘इंटिजर’ असले, तर गुणाकार ‘ओव्हरफ्लो’ म्हणत अडतो. त्या कप्प्यात ३२,७६७ च्या पुढे मावतच नाही. उत्तरापुरता मोठा ‘लाँग’ कप्पा देऊनही अडतो! इथवर यंत्र प्रामाणिक. पण कटकट नको म्हणून हुशार मंडळी वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहितात. मग चूक गिळली जाते आणि पट्टीवर आधीच्या शेतकऱ्याची रक्कम उमटू शकते. (वर्गात अशा झाकपाकीला मी बाकावर उभं करत असे.) पट्ट्या छापणाऱ्यांनो, ती ओळ आधी खोडा. क्रेट आणि भाव, दोन्ही ‘लाँग’ करा.