पॅरिसच्या कौलाने काय साधले?

उभ्याने चालवायच्या विजेच्या स्कूटर भाड्याने मिळाव्यात की नाहीत, यावर पॅरिसच्या नागरिकांनी २ एप्रिल २०२३ रोजी कौल दिला. मतदारांपैकी आठ टक्केही मतदानास आले नाहीत. पण आलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्क्यांनी नकार दिला. परिणामी १ सप्टेंबरपासून तीन कंपन्यांच्या सुमारे पंधरा हजार स्कूटर रस्त्यांवरून नाहीशा झाल्या.

हा रोष अकारण नव्हता. जून २०२१ मध्ये सीन नदीच्या काठाने चालणारी एक इटालियन तरुणी, दोघी स्वार असलेल्या स्कूटरची धडक बसून मृत्यू पावली. २०२२ मध्ये शहरात अशा अपघातांत तिघांचा बळी गेला व ४५९ जण जखमी झाले. यात दोष केवळ स्वाराच्या बेफिकिरीचा नाही. या वाहनाचे चाक इतके लहान की, किरकोळ खड्ड्यातही ते अडकते आणि उभा असलेला स्वार पुढे फेकला जाऊन डोक्यावर आपटतो.

मात्र बंदी आली ती भाड्याच्या स्कूटरवर. खासगी मालकीची स्कूटर मोकळीच राहिली आणि तिचेही चाक तेवढेच लहान आहे! फ्रेंच सरकारने त्याच वर्षी चालकाचे किमान वय १२ वरून १४ केले आणि दोघांनी स्वार होण्याबद्दलचा दंड ३५ युरोंवरून १३५ युरोंवर नेला. हे उपाय योग्यच. परंतु शिरस्त्राणाची सक्ती आणि वेगळी वाट यांवाचून ते अपुरे आहेत. पदपथावरील अडगळ मतपेटीने दूर केली. पादचाऱ्याच्या जिवाची हमी देण्याचे काम अद्याप कायद्याकडेच आहे.