नांगी नसलेला विंचू

‘झपाटलेला’ या चित्रपटाचा तिसरा भाग काढण्याची घोषणा दिग्दर्शक महेश कोठारे यांनी केली आहे. त्यातला खुनी बाहुला तात्या विंचू परत येणार म्हटले की नांदेड-लातूरकडच्या चाळिशी ओलांडलेल्या माणसालाही त्याचा दुसऱ्याच्या देहात शिरण्याचा मंत्र तोंडपाठ असल्याचे आठवते, आणि त्याची पोरेही तो म्हणून दाखवतात. मराठी पडद्यावरच्या फार थोड्या खलनायकांना हे भाग्य लाभले. म्हणूनच चित्रीकरणाच्या आधीच बोललेले बरे. 2013च्या दुसऱ्या भागाने निराशा केली होती. ती का केली हे न तपासता तिसरा काढला, तर बाहुला नवा आणि फजिती जुनी असे होईल.

दुसरा भाग पडला असे कोणी म्हणणार नाही. 7 जून 2013 रोजी तो थ्रीडीचा गाजावाजा करत आला आणि लोकांनी चष्मे लावून तो पाहिला. रामदास पाध्ये यांचा बाहुला होता, दिलीप प्रभावळकरांचा आवाज होता, मधु कांबीकरांची आई होती. मकरंद अनासपुरे यांच्या तोंडची मराठवाडी बोलीही होती. सगळे जागच्या जागी होते, फक्त कोणाला भीती वाटली नाही. थ्रीडीने बाहुला पडद्यातून बाहेर काढला, पण तो कोणाच्या घरी गेला नाही.

1993चा तात्या घरी गेला होता. ‘चाइल्ड्स प्ले’ या 1988च्या अमेरिकी चित्रपटावरून मूळ कल्पना उचललेली होती, हे उघड आहे. पण कोठारेंनी ती उचलून तशीच ठेवली नाही, तिला शब्दभ्रमाच्या खेळात नेऊन बसवले. पाध्यांचा अर्धवटराव मराठी माणसाने रंगमंचावर आणि दूरदर्शनवर पाहिलेला होता. बोलणारा बाहुला म्हणजे गंमत, हे पक्के ठाऊक होते. त्याच बाहुल्याच्या अंगात गुंड शिरला. शिवाय तो आला शब्दभ्रमकार लक्ष्याच्या हाती. लक्ष्मीकांत बेर्डे हा हसवायला येणारा आपला माणूस. तो जीव तोडून सांगतो आणि शब्दभ्रमकाराचेच हे चाळे म्हणून कोणी ऐकत नाही, तेव्हा हसता हसता पोटात गोळा येतो. ज्यावर विश्वास टाकला तेच उलटते, ही त्या चित्रपटाची खरी नांगी होती.

भीतीचे हे गणित मराठवाड्याला पडद्यावरून शिकावे लागलेले नाही. ‘झपाटलेला’ आला त्याच वर्षी, 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी आणि आजूबाजूची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. माणसे मेली ती जमीन दुभंगून नव्हे. आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि उन्हाळ्यात गारवा देणारी माळवदे अंगावर कोसळून ती मेली. वाचलेले लोक पुढे कितीतरी दिवस उघड्यावर झोपत होते, कारण धास्ती आपल्याच छताची होती. सिनेमातल्या भुताची या दुःखाशी बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण ज्या प्रेक्षकाला आपलेच घर उलटू शकते हे माहीत आहे, त्याला नुसता चाकू आणि रक्त दाखवून कसे भागेल?

दुसऱ्या भागात उलटण्यासारखे काही उरलेच नव्हते. बाहुला खुनी आहे, हे पोस्टर पाहतानाच कळलेले. बेर्डे 2004 साली गेले. मग तात्याची नजर लक्ष्याच्या मुलाकडे वळवली आणि आदिनाथ कोठारे त्या जागी आले. वारसा कथेत दाखवता येतो. बापाने वर्षानुवर्षे कमावलेला जिव्हाळा मुलाच्या नावावर चढवता येत नाही. त्यामुळे टाळ्या तात्यालाच मिळाल्या, आणि खलनायकाच्या येण्यावर टाळ्या पडू लागल्या की भयपट संपून सत्कार सुरू होतो.

हे दुखणे मराठीपुरते नाही. ‘चाइल्ड्स प्ले’चीही हीच गत झाली. पहिल्या भागात वाढदिवसाची भेट म्हणून आलेला बाहुला सहा वर्षांच्या पोराच्या अंथरुणापर्यंत पोचतो. 1991च्या तिसऱ्या भागात तोच मुलगा सोळा वर्षांचा होऊन लष्करी शाळेत आहे. तिथे बाहुल्यावर कोण जीव लावणार? 1978ला सुरू झालेल्या ‘हॅलोविन’ मालिकेने 2022 साली ‘एंड्स’ म्हणून शेवट जाहीर केला, पण ज्या मुखवट्यासाठी लोक आले त्यालाच बराच वेळ बाजूला ठेवून भलत्याच तरुणाची गोष्ट सांगितली. एकाने जुने तेच दळले, दुसऱ्याने नवे काही आणले. दोघांनीही प्रेक्षकाच्या भरवशाची जागा शोधली नाही.

यावर ठरलेले उत्तर येते, ‘लोकांना तेच हवे असते.’ हे उत्तर देणाऱ्यांनी एकदा लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला यावे. तमाशाच्या तंबूत गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वगातल्या राजाचे पुढे काय होणार हे पहिल्या ओळीत बसलेल्या म्हाताऱ्याला पाठ असते, तरी तो दरसाल येतो. कारण सोंगाड्या बतावणीत कालपरवाचा विषय घुसवतो, समोरच्या पाटलाला चिमटा काढतो, पावसाचा आणि कर्जाचा हिशेब मांडतो. साचा जुना असतो, वर्मावरचे बोट मात्र त्याच वर्षाचे. प्रेक्षक पुनरावृत्तीला कंटाळत नाही. त्याला गृहीत धरले की कंटाळतो.

तिसऱ्या भागाकडे आता नवी हत्यारे असतील. गेलेल्या नटाचा चेहरा यंत्राने पडद्यावर उभा करणे आज अशक्य राहिलेले नाही, त्यामुळे लक्ष्यालाच परत आणण्याचा मोहही होईल. तो आवरावा. मेलेल्याचा प्राण दुसऱ्याच्या देहात घालण्याचा हट्ट तात्याचा आहे, दिग्दर्शकाने तो धरू नये.

त्यापेक्षा आज घरातले लोक डोळे मिटून कशावर विसंबतात, ते पाहावे. लातूरला आणि नांदेडला खेड्यापाड्यांतून पोरे येतात, ‘नीट’च्या तयारीसाठी खोल्या भाड्याने घेऊन राहतात. आईबापांनी शेत गहाण टाकलेले असते आणि त्यांचा सारा भरवसा त्या खोलीवर, त्या फीवर आणि पोराच्या हातातल्या मोबाइलवर असतो. तात्या विंचूला शिरायला याहून चांगली जागा आज महाराष्ट्रात सापडणार नाही. कोठारेंना तिथे शिरायचे धैर्य असेल तर तिसरा भाग जरूर यावा, आम्ही तिकीट काढून पाहू. नसेल तर पहिला भाग आजही घरोघरी लागतो आणि तो पुरेसा आहे.