धावपट्ट्या सार्वजनिक, मग संधी मोजक्यांनाच का?

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि नाताळच्या दिवशी तिथून प्रवासी विमाने उडू लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमरावतीचे बेलोरा विमानतळ प्रवाशांसाठी खुले झाले. त्याआधी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली होती. एवढी विमाने उडवायला, दुरुस्त करायला आणि जमिनीवरून सांभाळायला माणसे लागणार आहेत. ती आपल्या तालुक्यांतूनही यायला हवीत. मात्र ती आपोआप येणार नाहीत. त्यासाठी राज्याने विमान प्रशिक्षणाकडे हौशी श्रीमंतांचा विषय म्हणून पाहणे सोडून सार्वजनिक शिक्षणाचा भाग म्हणून पाहिले पाहिजे. का आणि कसे, ते पुढच्या मुद्द्यांत मांडतो.

१. क्षेत्र वैमानिकापुरते नाही, हे शाळेतच सांगा.
आपल्या घरांत विमानक्षेत्र म्हटले की पायलट नाहीतर एअर होस्टेस, एवढेच डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात देखभाल अभियंते, फ्लाइट डिस्पॅचर, सुरक्षा तपासनीस, मालवाहतूक आणि रॅम्पवरचे कर्मचारी अशी कितीतरी कामे आहेत. एअर ट्रॅफिक कंट्रोलरचेच घ्या. भौतिकशास्त्र-गणितासह बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगची पदवी असेल तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा देता येते, आणि निवड झाल्यावर प्रशिक्षण प्राधिकरणच देते. अशी प्रशिक्षणाची सोय प्रयागराजप्रमाणे आपल्या गोंदियातही आहे. गोंदियातल्या बीएस्सीच्या मुलामुलींना हे ठाऊक नसेल, तर ती त्यांची चूक नाही. दहावीनंतरच्या मार्गदर्शन वर्गांत ही सगळी माहिती मराठीतून गेली पाहिजे.

२. जमीन जनतेची आहे, तर अटही जनतेची असावी.
मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहूला सुरू झाला; आज त्याचे उड्डाण प्रशिक्षण धुळ्यात चालते. बारामतीत, गोंदियात अशा संस्था आहेत, अमरावतीत एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था उभी राहत आहे. या धावपट्ट्या सार्वजनिक जमिनीवर आहेत. सरकार जमीन देते तेव्हा करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. एक, त्या जिल्ह्यातल्या गुणवान पण गरीब विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या काही जागा. दोन, दरवर्षी जाहीर हिशेब: किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांना परवाना मिळाला, त्याला किती महिने लागले.

३. खरी कोंडी पैशांची आणि वेळेची आहे.
कमर्शियल पायलट परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. देशात हा खर्च ४०-५० लाखांच्या पुढे जातो. नोकरीसाठी एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाचे खास प्रशिक्षण, करायचे, तर आणखी काही लाख. केंद्राच्या हमी योजनेत विनातारण शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंतच मिळते. उरलेल्या रकमेसाठी घर किंवा शेत गहाण पडते.
त्यावर वेळेचा घोळ. पावसाळ्यात ढग खाली उतरले की उड्डाणे थांबतात. विमान दुरुस्तीला गेले किंवा प्रशिक्षक सोडून गेला, तरी थांबतात. विद्यार्थी वसतिगृहात बसून राहतो, खोलीचे भाडे चालू, बँकेचे व्याजही चालू. फी मात्र बहुतेक वेळा मोठ्या हप्त्यांत आधीच भरलेली असते. म्हणून नियम असा हवा: जेवढे तास उड्डाण, तेवढी फी. संस्थेमुळे ठरलेली मुदत उलटली, तर त्या काळाच्या व्याजाचा वाटा संस्थेने उचलावा. आणि सारथी, बार्टी, महाज्योती यांसारख्या राज्य सरकारच्या संस्थांनी कर्जाची हमी घ्यावी. महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना आखली होती. म्हणजे ही कल्पना सरकारला नवी नाही, तिला सातत्य आणि पैसा हवा.

४. संस्थेची श्रेणी प्रवेशाआधी दिसली पाहिजे.
नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ऑक्टोबर २०२५ पासून उड्डाण संस्थांची क्रमवारी वर्षातून दोनदा जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्याच यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. ही यादी पालकांनी पाहिलीच पाहिजे. राज्याने ती मराठीत छापून प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावावी, आणि संस्थांना प्रवेशपत्रावर आपली श्रेणी छापणे सक्तीचे व्हावे.

५. आधी मेडिकल, मग कर्ज.
वैमानिकाला आधी क्लास टू आणि मग क्लास वन वैद्यकीय तपासणी पार करावी लागते. चष्मा असला म्हणून दार बंद होत नाही. चष्म्याने नजर पूर्ण सुधारत असेल तर चालते. पण रंग ओळखण्यातला दोष किंवा एखादा जुना आजार आड येऊ शकतो. फी भरल्यावर हे कळणे म्हणजे कुटुंबाची वाताहत. मान्यताप्राप्त डॉक्टर मोठ्या शहरांतच भेटतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत निदान पहिल्या तपासणीची सोय व्हायला हवी.

६. सर्वांत मोठा दरवाजा हँगरचा आहे.
राज्याच्या हातात सर्वांत जास्त काही असेल, तर ते इथे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. तेजस मार्क १ए ने ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथून पहिले उड्डाण केले. नागपूरच्या मिहानमध्ये एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेसचे विमान दुरुस्ती केंद्र आहे. इथे लागतात ते हात आपल्या आयटीआयमध्ये तयार होतात.
हँगरमधले काम कसे असते ते पाहा. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती रंगवलेली असते. पाळी संपताना एक जागा जरी रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. काम झाल्यावर परवानाधारक देखभाल अभियंता, म्हणजे एएमई, सही करतो. त्या सहीशिवाय विमान प्रवासी घेऊन उडू शकत नाही. एवढ्या जबाबदारीचे हे पद बारावी विज्ञानानंतर गाठता येते. डीजीसीएमान्य संस्थेत शिकायचे, मोड्यूलच्या प्रत्येक पेपरात किमान ७५ टक्के मिळवायचे आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा. वैमानिक होण्याच्या मानाने खर्च कितीतरी कमी. नाशिक आणि नागपूर इथे सरकारी शुल्कात चालणारी एएमई संस्था आणि फिटर, शीटमेटल, इलेक्ट्रिशियन झालेल्यांसाठी विमान देखभालीचे जोडअभ्यासक्रम, ही माझी पहिली मागणी आहे.

७. हमखास नोकरीच्या जाहिरातींना लगाम घाला.
तालुक्याच्या गावांतही आता ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’ आणि ‘केबिन क्रू’चे वर्ग निघाले आहेत. बारावी झालेल्या, अटींत बसणाऱ्या मुलीला केबिन क्रूच्या मुलाखतीला थेट जाता येते, आणि निवड झाल्यावर सुरक्षेचे आवश्यक प्रशिक्षण विमान कंपनीच देते. हे तिला कोणी सांगत नाही, आणि बापाचे लाख-दोन लाख जातात. नोकरीची हमी छापणाऱ्यांकडून मागच्या तीन वर्षांच्या नेमणुकांचा पुरावा मागण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा.

८. ज्यांनी जमीन दिली त्यांना कौशल्यही द्या.
पनवेल-उलवे परिसरातल्या गावांनी नवी मुंबई विमानतळासाठी घरे आणि शेते सोडली. विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे म्हणून ही माणसे रस्त्यावर उतरली. त्यांच्या मुलांच्या वाट्याला फक्त साफसफाई आणि हमाली येऊ नये. रॅम्प वाहने, सुरक्षा तपासणी, मालवाहतूक, देखभाल या कामांचे प्रशिक्षण भरतीच्या आधी आणि मोफत मिळायला हवे.

९. मुलींच्या जागा कागदावर राहू नयेत.
कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या, सर्व महिला कर्मचारी असलेल्या विमानाचे नेतृत्व केले. त्याला ४० वर्षे झाली. आज हँगरमध्ये मुलगी शिकायला येते तेव्हा वसतिगृह आणि रात्रपाळीची सुरक्षित वाहतूक नसेल, तर आरक्षणाचा उपयोग होत नाही.

यातले काहीही राज्याच्या कुवतीबाहेरचे नाही. आपल्या जिल्ह्यात धावपट्टी असेल, तर आमदारांना एवढेच विचारा: तिथे आपल्या जिल्ह्याची किती मुले शिकतात? उत्तर आकड्यात मागा, आणि करार नव्याने होईल तेव्हा तो आकडा त्यात लिहून घ्या.