माकडाच्या नावाने शिमगा

दिवाळीच्या ताटात काजूकतली वाढून झाली असेल, तर वाचकहो, ती खाता खाता हे वाचा. खाऊ नका असे मी मुळीच म्हणत नाही. मीही खातो. माझी तर दोडामार्ग तालुक्यात वडिलोपार्जित काजूची बाग आहे. तेव्हा पुढे जे बोलेन त्यातले निम्मे माझ्याच कानाखाली आहे असे समजावे.

मागे गणपतीला गावी गेलो होतो. आरती आटोपून मंडळी ओसरीवर टेकली आणि विषय निघाला माकडांचा. "सगळी मारूक व्हयी!" एकाने फर्मान सोडले. नारळ पाडतात, केळी ओरबाडतात, आणि वर माणसाला तापही देतात, अशी दुसऱ्याने पुस्ती जोडली. मी म्हटले, नारळाचे खरे, केळीचेही खरे. ताप मात्र माकड देत नाही. झाले! शहरात राहून मास्तर माकडांचा वकील झाला, असा निकाल चहा यायच्या आत लागला.

ठीक आहे, वकीलपत्र घेतलेच आहे तर कैफियतही ऐका.

1957 साली शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली, आणि पाठोपाठ रानात जाणारी माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने छडा लावला. प्रथम पीतज्वराची शंका होती. निघाला निराळाच विषाणू, आणि तो पसरवणारी निघाली गोचीड. शास्त्रज्ञांनी रोगाला नाव दिले ते रानाचे : क्यासनूर जंगल रोग. आपण नाव दिले माकडताप. कानडी मुलखातही लोकांनी तेच केले, म्हणजे हा दोष काही एकट्या मराठी माणसाचा नव्हे! पण नावातच आरोपी ठरवून टाकला, की तपास संपतो.

अहो, माकड हा या खटल्यातला पहिला बळी आहे. विषाणू रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांत आणि गोचिडींत नांदतो. गोचीड चावली की माकडात तो फोफावतो आणि माकड मरते. मेलेल्या अंगावरच्या गोचिडी खाली पालापाचोळ्यात उतरतात. तिथे पाऊल टाकतो तो गुराखी, लाकूडफाटा आणणारी बाई, काजू वेचणारी पोर. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही. म्हणून मेलेले माकड म्हणजे रानाने दिलेली हाळी आहे : इकडे फिरकू नका, आरोग्य केंद्राला कळवा, भोवतालच्या 50 फुटांत गोचीडनाशक पूड टाका. ती हाळी ऐकून आपण ओरडणाऱ्यालाच दगड मारायला निघालो.

आता गोचीड एवढी माजली कशाने, हा प्रश्न ओसरीवर कोणी विचारत नाही, कारण उत्तर परसदारीच आहे. दाट राई तोडली, की उघड्या कडेला घाणेरी आणि रानमोडी माजते. त्या झुडपांत उंदरांचे राज्य. त्यातच आपली गुरे चरायला सोडायची. मोठी झालेली गोचीड त्यांच्या रक्तावर पोसून हजारांनी अंडी घालते. 1982-83 मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडीकडे मोठी साथ आली, ती काजूच्या लागवडीसाठी जुने रान साफ केल्यावर. पुढे रोग घाटाच्या कडेने वर सरकत 2015 ला गोव्यात सत्तरीत, 2016 ला आमच्या दोडामार्गात आणि 2017 ला बांद्याला पोचला. आमच्याकडे तोवर रबर आणि अननसासाठी डोंगरच्या डोंगर बोडके झाले होते. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातील वृक्षतोडीला बंदी घातली. करवतीला वाचता येत नाही, हे आम्ही त्यानंतरही कानांनी ऐकले.

हल्ली माकडाच्या जोडीला दुसरा आरोपी मिळाला आहे : आभाळ. हवामान बदलले हो, आपण काय करणार! बदलले, ते खोटे नाही. मळभ धरले की काजूच्या मोहोरावर ढेकण्या पडतो, हे आम्ही दरसाल भोगतो; गोचिडीचा तर जन्ममरणाचा सगळा हिशेब पाचोळ्यातल्या ओलाव्यावर आणि उष्म्यावर चालतो. पावसाचे पंचांग चुकले की तिचेही चुकणार. पण तो ओलावा आणि उष्मा सांभाळणारे झाडांचे छप्पर कोणी उतरवले? आभाळाने?

2017 च्या उन्हाळ्यात आमच्या बागेत काजू वेचणाऱ्या एका बाईने अंथरूण धरले. या रोगाचा मोसम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा, ऐन शिमग्याचा. गोचिडीचे पिल्लू तिळाएवढेही नसते, चावलेले कळत नाही. बाई वाचली. ताप उतरल्यावर पुन्हा उलटला, आणि पुढे कित्येक दिवस तिचे हात कापत होते. अंगाला चोळायचे तेल सरकारकडून आले होते. ते आमच्या माजघरात कपाटावर तसेच राहिले, वेचणीच्या बायकांपर्यंत ते पोचवायचे कोणाला सुचले नाही. तिच्या आजारपणाचे दिवस हिशेबाच्या वहीत 'गैरहजर' म्हणून पडले. वही माझ्या अक्षरातली आहे. मी पैसे नेऊन दिले ते दोन वर्षांनी, आणि तिने विचारले, "हे कसले?"

या रोगाची जुनी लस अपुरी ठरून बंद झाली. नवीन येईल तेव्हा येवो. तोवर मजुराला तेल, आजारपणात मजुरी, मेलेल्या माकडाची त्याच दिवशी वर्दी आणि उरलेल्या राईला हात नाही, एवढे बागाईतदारांनी पाळायला कोणत्या लशीची वाट पाहायची आहे? केळी-नारळाची नुकसानभरपाई सरकारकडे जरूर मागावी, भांडून मागावी. मीही अर्ज केला आहे.

आमच्या बागेच्या वरच्या अंगाला अजून चार एकर जुने रान शिल्लक आहे. रबरवाल्याने चांगला भाव सांगितला आहे. संमतीचा कागद माझ्या मेजावर पडून आहे, सही केलेली नाही. चुलतभावाचा फोन मात्र रोज येतो.