आमचे येथे मॉर्ज करून मिळेल

बॉस, एक झटपट प्रश्न. 'मॉर्ज' म्हणजे काय?

डिक्शनरी उघडू नका, तिथे नाहीये. शेजारच्या क्युबिकलमधल्या हुशार पोरालाही विचारू नका, तो नुसता खिदळेल. फेब्रुवारी २०२६ मध्ये याच शब्दावरून जगभरच्या आयटीवाल्यांनी पोट धरधरून हसून घेतलंय. आणि हा शब्द कुठल्या कॉलेजच्या कट्ट्यावर जन्मलेला नाही. तो आला थेट मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत ट्रेनिंग साइटवरून. 'मायक्रोसॉफ्ट लर्न' नावाची ही साइट. फुकट शिका, सर्टिफिकेटची तयारी करा, पुढे जा!

तिथल्या एका धड्यात एक आकृती होती. रंगीत गोळे, रेघा, बाण. आणि बाजूला ऐटीत लिहिलेलं : 'कन्टिन्व्हौक्ली मॉर्ज्ड'. लिहायचं होतं 'कन्टिन्युअसली मर्ज्ड', म्हणजे सतत परत मिसळत राहिलेलं. काही बाण गायब, तर काही भलतीकडे तोंड करून उभे. एकूण रागरंग असा, की एआयला सांगितलं 'काढ चित्र', त्याने काढलं आणि ते कुणी न बघताच छापलं!

ज्यांचा कोडिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक. 'गिट' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवाल्या लिनस टॉरवल्ड्सने ते २००५ मध्ये लिहिलं. एकाच कामावर दहा जण बसले तर गोंधळ होऊ नये, हा त्याचा उद्योग. घरातलं लग्न आठवा. पत्रिकेचं एकच प्रूफ असतं. काका त्यात कुलदैवत घालतात, आत्या मानपानातली नावं वाढवते, मामा मुहूर्ताची वेळ दुरुस्त करतो. प्रत्येकाने आपापल्या कॉपीवर खुणा करायच्या, ही झाली 'ब्रांच'. मग सगळ्यांच्या दुरुस्त्या एका कागदावर आणायच्या, हे झालं 'मर्ज'. कुणाचं कधी आणि कशात मिसळायचं हे ठरलेलं नसेल, तर पत्रिकेत नवरदेवाच्या जागी मामाचं नाव येतं.

हे ठरवायची एक पद्धत नेदरलँड्सच्या व्हिन्सेंट ड्रिसेन या प्रोग्रामरने जानेवारी २०१० मध्ये मांडली. तिच्यासाठी त्याने एक आकृतीही काढली. रंग, वळणं, कुठली रेघ कुठल्या रेघेच्या बाजूला, सगळं घासूनपुसून. बरं, पठ्ठ्याने मूळ फाइलही वाटून टाकली. घ्या, वापरा! ती आकृती मग पुस्तकांत गेली, लेक्चर्समध्ये गेली, कंपन्यांच्या भिंतींवर गेली. तुमच्यापैकी कुणी आयटीत असेल तर जॉइनिंगच्या पहिल्या आठवड्यात तिचं दर्शन झालेलं असणारच.

मॉर्जवाली आकृती म्हणजे हीच आकृती. कुणीतरी एआयच्या मिक्सरमधून फिरवलेली, खाली ड्रिसेनचं नाव नाही, मूळ पानाची लिंकही नाही. त्याने त्यावर लिहिलं. लोकांनी चित्र वापरलं याचं त्याला कधीच वाईट वाटलं नव्हतं, वाटायचं म्हणूनच तर त्याने ते दिलं होतं. त्याला खुपला तो निष्काळजीपणा. एवढी मोठी कंपनी, एक लिंक द्यायला आणि एकदा वाचून बघायला काय जात होतं? बोंबाबोंब झाल्यावर ते चित्र उतरवलं गेलं. गंमत म्हणजे ज्या गिटहबवर जगातला निम्मा कोड 'मर्ज' होत असेल, ते गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्याच मालकीचं आहे. म्हणजे हलवायाच्याच दुकानात जिलबी चौकोनी निघाली!

हा काही पहिला नमुना नाही. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, 'फ्रंटियर्स' या प्रकाशनाच्या एका विज्ञान जर्नलमध्ये एक उंदीर छापून आला होता. एआयने काढलेला. त्याच्या शरीराचा जो भाग शास्त्रज्ञांना दाखवायचा होता तो उंदरापेक्षा उंच होता, यापेक्षा जास्त वर्णन या पानावर शोभणार नाही. अवयवांना नावं दिलेली 'टेस्टटॉमसेल्स' वगैरे. त्यातल्या त्यात 'रॅट' एवढं बरोबर लिहिलं होतं. हे सगळं तज्ज्ञांच्या तपासणीतून पास होऊन छापलं गेलं आणि हसं झाल्यावर तीनच दिवसांत मागे घेतलं गेलं.

असं का होतं? सोपं आहे. चित्र काढणाऱ्या मशीनने कोट्यवधी चित्रं पाहून कुठल्या ठिपक्याशेजारी कुठला ठिपका शोभतो हे शिकलेलं असतं. त्याच्या लेखी अक्षर म्हणजेही एक नक्षीच. बाण म्हणजे टोकाला त्रिकोण असलेली रेघ. तो बाण 'इथून तिथे जा' असं सांगतो, ही त्या मशीनची भानगडच नाही. आपल्या देवनागरीचे तर आणखी हाल. आपला ऱ्हस्व इकार उच्चारायचा व्यंजनानंतर, पण काढायचा आधी. त्यात 'शुभेच्छा'मधला 'च्छ' आला की बोंबलली गाडी! एआयच्या सणासुदीच्या बॅनरांवर काना एकीकडे आणि वेलांटी तिसरीकडे, असं तुम्ही पाहिलं असेलच. नवी मॉडेल्स अक्षरं बरीच बरी काढतात, मान्य. पण त्याने धोका वाढलाच. स्पेलिंग सुधारलं, बाण उलटाच राहिला, तर तो दिसणार कुणाला?

इथे जरा थांबू. मॉर्जवर हसलं कोण? ज्यांना मर्ज येतं ते. उंदरावर हसलं कोण? ज्यांनी खरा उंदीर पाहिलाय, आणि प्राणिशास्त्राचं पुस्तकही. म्हणजे चुकीवर हसायला आधी बरोबर काय ते ठाऊक असावं लागतं. आणि ट्रेनिंग मटेरियल कुणासाठी असतं? ज्याला ते ठाऊक नाही त्याच्यासाठी!

म्हणून आता वाशीला चला. अहं, हार्बर लाइनवरची नाही, मॉलवाली नाही, आणि वाशीम तर नाहीच नाही. ही वाशी धाराशिव जिल्ह्यातली. तालुक्याचं गाव. जिल्ह्याचं नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होतं. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून जी यादी केली, तिच्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे होते आणि त्यातला हा एक. आकांक्षा तिथल्या पोरांना आयोगाने सांगायच्या आधीपासूनच होत्या, तो भाग वेगळा.

समजा, तिथली एक मुलगी बीएस्सी करून बसलीये. एमएस-सीआयटी केव्हाच झालंय. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा कोर्स गावोगाव पोचला आणि अख्ख्या पिढीने माउस हातात धरला तो तिथेच. आता तिला त्यापुढचं शिकायचंय. पुण्यात क्लास लावायचा तर फी, वर रूमचं भाडं. मग ती शहाण्या माणसाने करावं तेच करते : मोबाइलवर कंपनीची अधिकृत साइट उघडते. फुकट आहे, खात्रीची आहे, मोठं नाव आहे. आणि समोर येतं 'मॉर्ज्ड'.

ती हसत नाही. ती वहीत लिहून घेते.

बाण उलटा दिसला तर तिला वाटतं, आपल्यालाच कळत नाहीये. तीनदा वाचते. इंग्रजी कच्चं असल्याचा दोष स्वतःवर घेते. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या बाजूला खुर्ची सरकवून 'अगं सोड, टायपो आहे' म्हणणारा एक तरी सीनियर असतो. तिच्या बाजूला खिडकी आहे. तिचा सीनियर, सर आणि पुस्तक, सगळं त्या एका आकृतीतच.

बरं, भेसळ ओळखता येत नाही इतकी ती भोळी नाही हं! भूम-वाशीचा पट्टा खव्याचा. कुंथलगिरीचा खवा, पेढा म्हटलं की लांबलांबच्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. अस्सल खवा कोणता, हे तिकडची पोरं बोटांनी चोळून, वास घेऊन सांगतील. का? तर लहानपणापासून अस्सल पाहिलाय, कढईशी उभं राहून पाहिलाय. गिटची अस्सल आकृती तिने पाहिलेलीच नाही. पहिलीच भेट भेसळीशी झाली, तर ती बिचारी कशाशी ताडून बघणार?

कुणी म्हणेल, माणसं काय चुकत नव्हती? चुकत होती की! आपल्या मराठी पुस्तकांत शेवटी किंवा कधीकधी सुरुवातीलाच एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. शुद्धिपत्र. पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध हे, शुद्ध ते. आपण तिची चेष्टा केली, पण तिचा अर्थ असा होता की छापल्यानंतरही कुणीतरी पुस्तक पुन्हा वाचलंय आणि त्याला लाज वाटलीये. ड्रिसेननेही तेच केलं. मार्च २०२० मध्ये, दहा वर्षं जुन्या त्या लेखाच्या माथ्यावर त्याने टीप लिहिली. भावार्थ असा, की ही पद्धत म्हणजे वेदवाक्य नव्हे. तुम्ही वेबसाइटवर रोजच्या रोज बदल करत असाल तर याहून साधी पद्धत घ्या, आपलं आपण डोकं लावा. स्वतःच्या सुपरहिट आकृतीवर स्वतःच लिहिलेली अशी टीप म्हणजे शुद्धिपत्राचीच धाकटी बहीण. मॉर्जवाल्या आकृतीला अशी टीप कोण लिहिणार होतं? ती कुणाची नव्हतीच.

आता मंडळी, मायक्रोसॉफ्टला हसून झालं असेल तर जरा आपल्या ऑफिसात डोकावू. शुक्रवार, संध्याकाळचे सहा. एचआरची मेल येते : सोमवारी नव्या बॅचचं ट्रेनिंग, डेक तयार ठेवा. मूव्हीची तिकिटं काढलेली. मग काय, एआयला दोन ओळी टाकल्या, वीस स्लाइड्स, पाच चकाचक आकृत्या. लोगो चिकटवला की झालं अधिकृत! बॉस म्हणतो, वा, काय प्रोफेशनल दिसतंय. दिसतंय, हे खरंच.

एआय वापरू नका असं सांगायला मी काही संन्यासी नाही. वापरा हो. पण सेंड करण्याआधी तीन साध्या गोष्टी करा. प्रत्येक बाणावर बोट ठेवून वाचा, 'इथून तिथे, का?' उत्तर आलं नाही तर बाण काढून टाका. चित्र कुणाच्या चित्रावरून घेतलं असेल तर त्याचं नाव खाली लिहा, एक ओळ लागते आणि ती फुकट असते. आणि डेक बॉसला दाखवण्याआधी टीममधल्या सगळ्यात नव्या पोरीला दाखवा. ती भूमची असेल, वाशीची असेल, नाहीतर बोरिवलीची. तिने एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "सर, याचा अर्थ काय?" तर 'गूगल कर' म्हणून कटवू नका.

तिला कळत नाहीये, असं समजण्याआधी तो शब्द एकदा स्वतः वाचून बघा.