आधी आईला दाखवा
विंडोजवर फ्लो लाँचर असला की ऑल्ट-स्पेस दाबून हवं ते टाइप करायचं, उत्तर समोर. त्यासाठी मी ‘तोळा’ हे प्लगइन लिहिलं. पायथॉनचा थोडा कोड, आणि प्लगइनचं नाव, आवृत्ती, हाकेचा शब्द सांगणारी ‘प्लगइन डॉट जेसन’ फाइल.

बरकतपुऱ्यात घरी आईला दाखवलं : ३ तोळे, ३० ग्रॅम.

“अरे, आजीच्या पाटल्या जुन्या तोळ्याच्या!”

खरंच. आज बरेच सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे जवळजवळ ३५ ग्रॅम. पाच ग्रॅम सोनं माझ्या कोडनं गिळलं होतं!

आता दोन्ही उत्तरं दिसतात. त्यानंतरच फ्लोच्या प्लगइन-यादीसाठी गिटहबवर पुल रिक्वेस्ट पाठवली. यादीत गेलं, की अनोळखी माणूसही आपल्या आकड्यावर विसंबतो.